काडीमोड पाहिलेला पाट

मित्रांनो, ओळख करून द्यायची तर मी एक जुना सागवानी पाट आहे, एका कोपऱ्यात डुगडुगणारा. पनवेलच्या मासळी बाजारात गेलात तर किशोरी कोळीण माझ्यावर बसलेली दिसेल. मी मात्र वाकून पाहिल्याशिवाय दिसणार नाही. पुढ्यात निवट्या आणि चिंबोऱ्या असताना पाटाकडे बघतो कोण!

खाडीकाठच्या कोळीवाड्यात माझा जन्म झाला. किशोरीचे वडील दिनानाथ यांची होडी तळाला सडली होती, पण वरच्या फळ्या खणखणीत होत्या. लेकीचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी त्यातली एक फळी काढली, रंधा मारला, खाली दोन पट्ट्या ठोकल्या. "पोर हलदीला ह्याच्यावर बसंल," असं म्हणून त्यांनी माझ्यावरून हात फिरवला. तो हात मला अजून आठवतो.

लग्नात माझ्यावर हळद सांडली, अक्षता पडल्या. किशोरी माझ्यावर उभी राहिली. मुलगा पसंत आहे का, हे तिला कुणी विचारलं नव्हतं. परेश दिसायला चांगला, तळोज्याच्या कारखान्यात कायम नोकरी. एवढ्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मी तिच्याबरोबर सासरी गेलो.

सुरुवातीची वर्षं बरी गेली. लेक झाली, समृद्धी; माझ्यावर बसून ती पहिला वरणभात जेवली. मग परेशच्या रात्रपाळ्या वाढल्या, आणि पाळी संपल्यावरही तो घरी येईनासा झाला. तळोज्यात त्यानं दुसरा संसार मांडल्याचं किशोरीला शेजारणीकडून कळलं. तिनं आदळआपट केली नाही. मुलीचा हात धरला, मला काखेत मारलं आणि ती बापाच्या घरी परत आली.

पुढं दिनानाथांच्या अंगणात गावकी बसली. कोळीवाड्यात रीतच होती तशी. नवरा-बायकोचं जमेनासं झालं की गावची वडीलधारी माणसं बसायची, सर्वांसमोर गवताची एक काडी मोडायची, आणि संसार मोडला असं धरायचं. सर्वांत वडील काळूराम. त्यांना मानाचा पाट म्हणून माझ्यावर बसवलं. बायका दाराआड उभ्या होत्या. किशोरीही तिथंच होती.

"पोर ल्हान हाय, आईजवल राहूंद्या," काळूराम म्हणाले. "चौथी झाली की बापाकडं. दिनानाथ, मान्य हाय?"

दिनानाथ दाराकडे न बघता म्हणाले, "मान्य."

काडी मोडली. आवाज तो केवढा, पण माझ्या लाकडात घुमला. दाराआडून कुणी काही बोललं नाही, कारण बाईमाणसानं बैठकीत बोलायचं नसतं. चौथी तेव्हा फार लांब वाटत होती.

माझी कामाची वर्षं तिथून सुरू झाली. किशोरी बाजारात बसू लागली आणि मी तिच्याखाली. खारं पाणी, खवले, बर्फाचा गारवा, सगळं मी सोसलं. शेजारच्या कोळिणी म्हणायच्या, "असा पाट आता नाय भेटत गो." मी मनात फुगायचो. समृद्धी संध्याकाळी माझ्यावर बसून पाढे म्हणायची. बघता बघता ती चौथीत गेली, आणि परेशचा निरोप आला: परीक्षा झाली की पोरीला न्यायला येतो.

त्या दिवशी किशोरीनं कोलंबी सोलता सोलता बोट कापून घेतलं.

बापाशी ती बोलली. "दिलेला शब्द हाय बाय," दिनानाथ म्हणाले. "गावात मी तोंड कसं दाखवू?" मग ती वकील शोधायला निघाली. बाजार आटोपला की मला पिशवीत घालायची आणि कोर्टाच्या बाजूला जायची. ओल्या लुगड्यानं कुणाची खुर्ची खराब नको म्हणून तिथंही ती माझ्यावरच बसे. पहिल्या वकिलाच्या कारकुनानं नाकाला रुमाल लावून आम्हाला जिन्यात बसवलं. वकील बाहेर आले आणि तसेच निघून गेले.

दुसरे होते कमळाकर वकील. माणूस गोड बोलणारा. त्यांनी चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सोपं आहे. बाप पोरीला पट्ट्यानं मारतो, असं लिहू. मुलीनं साहेबांसमोर दोन वाक्यं बोलली की काम फत्ते. तेवढी पाठ करून घ्या."

"पन त्यानं तिला कदी हात लावला नाय."

"तुम्हाला मुलगी हवी आहे ना?"

किशोरीनं मान हलवली. मुलगी तर हवीच होती.

मित्रांनो, त्यानंतरच्या संध्याकाळी माझ्यावर पाढ्यांऐवजी दुसरंच पाठांतर सुरू झालं. "बोल, बाबा मना पट्ट्यानं मारतो," किशोरी शिकवायची. समृद्धी गोंधळून म्हणाली, "आये, बाबा पट्टा लावतच नाय."

"तू बोल गो, कोर्टात तसंच बोलायचं असतं."

पोर हुशार. आठवड्याभरात तिला ते घडाघडा यायला लागलं. किशोरीनं तिला शाबासकी दिली, पण त्या हातात जोर नव्हता. मला तेव्हा फार वाईट वाटलं. लग्नाच्या पाटावर पोरीनं असलं काही घोकावं!

परेश दर रविवारी लेकीला भेटायला यायचा, हे मान्य करायला हवं. त्या रविवारीही तो बर्फाचा गोळा घेऊन आला. एरवी समृद्धी धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडायची. आज ती माझ्यावरून उठली, भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि बापाच्या कमरेकडे बघत राहिली.

"काय गो, काय बघतंस?" परेश हसत म्हणाला.

ती पुढं झालीच नाही. गोळा त्याच्या हातात विरघळून गेला. चुलीपाशी बसलेल्या किशोरीनं हे सारं पाहिलं आणि पदर तोंडाशी धरला. नवऱ्यानं तिला दुखवलं होतं, पण तिच्या लेकीला हा माणूस भीती दाखवणारा कधीच वाटला नव्हता. ती भीती किशोरीनंच शिकवली होती.

कमळाकर वकिलांकडे ती पुन्हा गेली नाही. कोर्टाजवळ झेरॉक्सच्या दुकानावर प्रमिला वकीलबाईंची खोली होती. या बाई आमच्या गिऱ्हाईक, मांदेलीच्या वाट्यावर एवढी घासाघीस करायच्या की किशोरी म्हणायची, "हिच्यापुढं जज बी हरंल." पण त्यांच्याकडे जावं असं तिला आधी कधी सुचलं नव्हतं. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय!

बाईंनी चहा मागवला नाही. सरळ विचारलं, "किशोरीताई, तुम्हाला नक्की काय हवंय?"

लग्न ठरताना, काडी मोडताना, हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता. मग ती बोलायला लागली ती थांबेना. पाठांतराचंही तिनं सांगून टाकलं.

बाईंनी शांतपणे ऐकलं. "आधी ते पाठांतर बंद," त्या म्हणाल्या. "खोटं मी लिहिणार नाही. आणि हे ऐका, गावानं काडी मोडली तरी माझ्या मते कायद्यानं तुम्ही अजून नवरा-बायको आहात. काडीमोडीची रूढी कोर्टात सिद्ध करत बसण्यापेक्षा रीतसर घटस्फोटाचा अर्ज करू. त्यातच मुलीचा ताबा मागू. लग्नाचा फोटो, पत्रिका, रेशनकार्ड, मुलीचा जन्मदाखला शोधून आणा. शाळेत पालक म्हणून कोण जातं तेही लागेल."

"पोर मनाच भेटंल ना?"

"खात्री देणार नाही. वर्षं लागतील, आणि परेशला मुलीला भेटता येईल, हेही धरून चाला. पण गावातल्या शब्दानं कोर्ट बांधलेलं नाही. कोर्ट मुलीचं हित बघतं. तुम्ही तिला कधी विचारलंत, तिला काय हवंय?"

किशोरीनं मान खाली घातली. नव्हतं विचारलं. तिनंही नव्हतं विचारलं.

घरी येऊन तिनं लेकीला माझ्यावर बसवलं आणि आपण जमिनीवर बसली. दिनानाथ ओट्यावर जाळं विणत होते. "समृद्धी, तुना कुठं रावायचं हाय? जे हाय ते सांग. मी रागावनार नाय."

पोरीनं बराच वेळ आईच्या तोंडाकडे पाहिलं. आता कुठलं वाक्य म्हणायचं असतं, याचा तिला अंदाज येत नव्हता. मग हळूच म्हणाली, "तुझ्याजवल. पन बाबा आयतवारी येल ना? मी आता तसं नाय बघनार त्याच्याकडं."

किशोरीला रडू आवरेना. ओट्यावर जाळ्याची सुई थांबली होती. दिनानाथ आत आले, दारातच उभे राहिले.

"काळूरामनं मना ईचारलं, नि मी मान्य बोललो," ते म्हणाले. "तुना ईचारायला दार दोन पावलांवर होतं बाय. कोर्टात मी हे सांगन."

अर्ज दाखल झाला. मित्रांनो, सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. तारखा पडताहेत. शब्द फिरवला म्हणून गावकीत दिनानाथांना कुणी बोलवत नाही. समृद्धी सध्या आईकडे आहे. परेश संतापलाय, काही रविवारी येतो, काही रविवारी नाही. तो येणार नाही हे कळल्यावरही ती मला दारात ओढून अंधार पडेपर्यंत बसते. तिचं वजन वाढलंय, पण लगेच धावत जाता यावं म्हणून ती काठावरच टेकते, त्यामुळे मला ते फार हलकं लागतं.

मी लाकूड. होडीची फळी काढून मला पाट केलं, तेव्हा मला कुणी विचारलं नाही आणि त्यानं काही बिघडलंही नाही. तुमच्या घरात मात्र संसार मोडायची वेळ आली, तर मोठ्यांनी आपसात सगळं ठरवून लेकरांच्या तोंडी आपली वाक्यं घालू नयेत, एवढी माझी हात जोडून विनंती आहे. त्यांना जवळ बसवा, विचारा, आणि जे उत्तर येईल ते आपल्याला टोचलं तरी ऐकून घ्या. किशोरीनं उशिरा विचारलं. समृद्धी अजूनही उत्तर देण्याआधी आईच्या तोंडाकडे बघते.