हात पडेल तिथं

कराराचे सहा आठवडे आज पाच वाजता संपणार होते. वेल्डरनं जिन्याचा लोखंडी कठडा रातोरात उचकटून भंगारात विकला आणि दुसऱ्याच दिवशी वरच्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाई मनगट मोडून बसल्या. खटला चालवण्याऐवजी त्यानं स्वतः नवा कठडा बसवायचा, असं दोघांना समोरासमोर बसवून वस्तीत मध्यस्थीचं काम करणाऱ्या ताईनं ठरवून घेतलं होतं. आता नर्सबाईंची सही मिळाली नाही तर प्रकरण परत कोर्टात. वस्तीत असं समोरासमोर मिटवलेलं हे पहिलंच प्रकरण. फसलं तर दुसरं कुणी ताईच्या हाती देणार नव्हतं.

घरी तिच्या बाळाला दात येत होते. ताईला चार दिवस धड झोप नव्हती. कठड्याला धरूनच ती वर चढली. पक्का होता. तिनं मनातल्या मनात हुश्श केलं.

"सही नाही करणार मी," नर्सबाई दारातच म्हणाल्या. मग कठड्यावर हात ठेवून दाखवला. कोपर पार छातीशी आलं. "हा आधार आहे, की बसमधली दांडी?"

मागोमाग वर आलेल्या उंचापुऱ्या वेल्डरनं स्वतःच्या कमरेचं माप धरलं होतं. "सगळीकडे एवढाच असतो, सिस्टर."

"मग मी वाढू का आता या वयात?"

सिस्टर, करून टाका ना सही, नंतर बघू, असं ताईच्या अगदी ओठांवर आलं. तेवढ्यात तिला ते वाकडं राहिलेलं मनगट दिसलं.

"यांना विचारलं होतंस?" तिनं वेल्डरला विचारलं.

"त्यात काय विचारायचं? वीस वर्षं कठडे बसवतोय."

"काढतानाही नव्हतंस विचारलं."

"कोर्ट बरं होतं, ताई. तिथं नुसतं उभं राहिलं की झालं." मग त्यानं खिशातून खडू काढला. "उतरा, सिस्टर. हात पडेल तिथं भिंतीला टेकवा."

ताईनं दुसऱ्या बाजूनं दंड धरला. पायरीपायरीला नर्सबाई थांबायच्या, तो वाकून खूण करायचा. मध्येच सासूबाईंचा फोन आला. "उशीर होईल, आई," ताई म्हणाली. बाळाचं रडू तिला पलीकडून ऐकू येत होतं.

खांब कापून, पुन्हा जोडून होईस्तोवर पाचाला दहा मिनिटं उरली. नर्सबाई एकट्या उतरल्या, थेट अंगणापर्यंत. खालून हाक आली, "कागद इकडेच आण गं. मी काही लगेच वर यायची नाही."

ताई पायरीवरून उठली. कठडा धरायला तिला आता वाकावं लागलं.