डोळ्यांची डाळ

मित्रांनो, दुकानातला सर्वांत स्वस्त प्रिंटर म्हणजे मी. दीड वर्ष खालच्या फळीवर पडून होतो. हे सांगायला मला लाज वाटत नाही. लाज मला घडवणाऱ्यांना वाटायला हवी. माझ्या पोटात त्यांनी अक्षरांचे सहा नमुने भरले, जाड, बारीक, तिरपे, पण सगळे परक्या लिपीचे. तुमचा एक 'क'सुद्धा नाही! तुम्हालाही कुणाला काही लिहायचं असेल, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

मला एका म्हाताऱ्या घड्याळजींनी घेतलं. हात थरथरू लागल्यावर त्यांनी दुकान बंद केलं होतं. घरी ते एकटेच. थोरली बहीण दुसऱ्या गावी, तीही एकटी. फोनवर दोघांचं दुसऱ्याच वाक्याला वाजायचं आणि ताई फोन आपटायची. चार वर्षं बोलणं बंद होतं. आता तिचे डोळे अधू झालेत, अंगठ्याएवढं काळंभोर अक्षर असेल तरच तिला दिसतं, असं त्यांच्या कानावर आलं. तिला पत्र लिहून इथे राहायला बोलवायचं, एवढ्याचसाठी त्यांनी एक जुना कॉम्प्युटर आणि मला घरी आणलं.

पडद्यावर त्यांनी 'ताई' लिहिलं. कागदावर मी एक कंस, एक टक्क्याची खूण आणि दोन फुल्या छापल्या. घड्याळजी मला बगलेत मारून दुकानात गेले.

"काका, ह्याला आपली अक्षरं येत नाहीत," दुकानदार म्हणाला.

"मग शिकवा की!"

"ह्या किमतीत? तो कागद गिळत नाही हेच नशीब समजा."

घड्याळजी चिडले आणि चिडूनच शिकले. चौकटीच्या कागदावर एकेक अक्षर ठिपक्याठिपक्याने रंगवलं, त्या ठिपक्यांचे आकडे कॉम्प्युटरला दिले. अक्षर पाठवायचंच नाही, अक्षराचं चित्र पाठवायचं, ही युक्ती. एकट्या 'ळ'ला दोन दिवस लागले. तीन महिने ते माझ्याशीच बोलत होते. "चल रे गाढवा, ओढ कागद!" इतक्या मायेने मला पुन्हा कुणी गाढव म्हटलं नाही.

पण कॉम्प्युटरचं डोकं चिमणीएवढं. अक्षरांची अंगं आणि काने त्यात मावले. मात्रा, वेलांट्या, अनुस्वार यांना जागाच उरली नाही. शेवटी मी छापली तेवढी बोडकी अक्षरं समोर घेऊन घड्याळजींनी बाकीचं पेनाने काढलं, एका हाताने दुसरं मनगट धरून. पत्र पेटीत टाकून आले आणि दाराकडे बघत बसले.

आठव्या दिवशी ताई स्वतःच दारात उभी.

"चार वर्षांनी लिहितोस, आणि डाळीची चौकशी करतोस? घे, दोन किलो आणलीये."

"कसली डाळ?"

"'डाळ कस आहत' असं लिहिलंयस!"

"अगं ताई, डोळे! डोळे कसे आहेत!"

"मग मात्रा कुठायत?"

"ह्या काय, पेनाने काढल्यात."

ताईने कागद नाकाला लावला. पेनाची बारीक रेघ तिला दिसतच नव्हती. माझं काळं तेवढंच दिसत होतं.

"निम्मं पत्र कळलंच नाही रे," ती म्हणाली. "पण खाली 'एकटा आह' असं होतं. त्यात मात्रेवाचून काही अडलं नाही. म्हटलं, निघावं."

घड्याळजी डाळीची पिशवी ठेवायला आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

ताई राहिली. आता दोघं दिवसभर तोंडातोंडी भांडतात, पत्राचं काम उरलं नाही. कॉम्प्युटर भंगारात गेला, त्याच्याबरोबर ती रंगवलेली अक्षरंही गेली. मी पुन्हा अडाणी झालो आणि कपाटावर चढलो. खालून हसणं ऐकू येतं. वर माझ्याकडे बघणारं कुणी नाही.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ झटका, ही मागणी आहेच. ती मी लपवत नाही. पण आधी, तुमचं कुणी दूर एकटं बसलं असेल तर उठा. घड्याळजींनी माझ्यापुढे तीन महिने घालवले. ताईचं गाव अडीच तासांवर होतं.