कौतुक टीव्हीचं, पाऊस माझा

मी अँटेना बोलतोय, अमेरिकेत सिॲटलजवळच्या रेडमंडमधल्या एका घराच्या छपरावरून. खाली हॉलमध्ये बसलेल्या त्या टीव्हीचं कौतुक मात्र माझ्यासमोर करू नका.

१९८४ साली श्रीरामने मला आणलं आणि स्वतः चढून धुराड्याशी बांधलं. शेजारचे अँटेना सिॲटलकडे बघायचे. मला त्याने उत्तरेला वळवलं, कारण त्याच्या बायकोला, मालिनीला, सीमेपलीकडचं कॅनडाचं चॅनेल हवं होतं.

"आलं का?" तो वरून ओरडला.

"नुसत्या मुंग्या! थोडं उजवीकडे... बस, बस, क्लिअर आहे!"

आणि लगेच दोघं म्हणाली, "काय सुंदर टीव्ही आहे!" माझ्या काड्या थरथरल्या. वाऱ्याने नव्हे.

गुरुवारी विनोदी मालिका असे. बंदरावरच्या पोस्टातले दोन म्हातारे सगळ्यांची पत्रं भलत्यालाच देत. एरवी दिवसभर गप्प असलेली मालिनी खळखळून हसे. रविवारी संध्याकाळी ऐतिहासिक मालिका लागे. तिची नायिका दीडशे वर्षांपूर्वीच्या नदीकाठच्या वस्तीतली सुईण.

मालिनीच्या बाळंतपणाला नागपूरहून वसुधामावशी आली. ती निवृत्त नर्स. टीव्हीतलं भराभर इंग्रजी तिला झेपत नसे, पण सुईणीचे हात कळत. "पाणी उकळायला ठेव गं आधी!" असं ती टीव्हीला बजावायची. दसऱ्याला तिने त्याला हळदकुंकूही वाहिलं. माझ्यावर तेव्हा कावळा बसला होता.

सुईणीच्या मालिकेचा शेवटचा भाग आला. दुसऱ्या दिवशी मावशीचं विमान होतं. नेमकं वादळ सुटलं. वारा मला फिरवू लागला आणि, खरं सांगतो, मी अंग सैल सोडलं. बघू तर खरं, माझ्याशिवाय हा ठोकळा काय दाखवतो! खाली मुंग्याच मुंग्या.

"मावशी उद्या जाणार रे," मालिनी रडवेली झाली. "शेवट तिला परत कुठे दिसणार?"

"राहू दे, पावसात चढू नकोस," मावशी म्हणाली. पण श्रीराम चढलाच.

शेवाळलेल्या छपरावर त्याचा पाय घसरला. त्याने दोन्ही हातांनी माझा दांडा धरला. अंगणात मालिनी बाळाला छातीशी कवटाळून किंचाळली. मी मत्सर विसरलो आणि जीव खाऊन धुराड्याला चिकटून राहिलो. माझ्या दोन काड्या वाकल्या, पण मी सुटलो नाही. त्याला पाय टेकायला जागा मिळाली. धापा टाकत त्याने मला पुन्हा उत्तरेला वळवलं.

"दिसतंय रे! खाली ये आधी!" आतून मावशी ओरडली.

तो उतरला. तिने पदराने त्याचं डोकं पुसलं. शेवटची दहा मिनिटं सगळ्यांनी मिळून पाहिली. सुईण वाचली म्हणे.

पुढच्याच महिन्यात मालिनीने केबल घेतली. "आता छपरावर चढायचं नाही," तिने श्रीरामला बजावलं. माझी वायर कापली गेली.

आता १९८८. केबल जमिनीखालून ऐटीत घरात शिरते, तिला पावसाचा थेंब लागत नाही. गुरुवारी खालून मालिनीचं हसू ऐकू येतं. तोच विनोद हवेतून माझ्यापर्यंतही आलेला असतो. पण हसू केबलच्या वाट्याला जातं.

श्रीराम, एकदाच वर ये, आणि मला उतरवून ठेव. हे हसू इथून ऐकवत नाही.