ओळख नसेल तर थोड्या वेळाने या

कॉलेजच्या मेल सर्व्हरवर आधी टपाल यायचं, आता नुसता उकिरडा यायला लागला होता. नव्व्याण्णव सालचा एप्रिल. नगरबाहेरच्या माळावर ते इंजिनिअरिंग कॉलेज, त्यात एक खोली, खोलीत तो सर्व्हर आणि त्याला बाहेरच्या जगाशी जोडणारी टेलिफोन खात्याची एक बारीकशी लीज लाइन. तेवढ्याशा लाइनीवरून कोण कुठले लोक प्राध्यापकांना टकलावर केस उगवायची औषधं, घरबसल्या लखपती व्हायच्या युक्त्या आणि नाही नाही ते फोटो पाठवायचे. कामाचं पत्र त्या गर्दीत चेंगरून जायचं. आंधळं दळतंय अन् कुत्रं पीठ खातंय, दुसरं काय!

खोली प्रज्ञाच्या ताब्यात होती. प्रज्ञा म्हणजे श्रीगोंद्याच्या साखर कारखान्यात फिटर असलेल्या भीमराजांची थोरली. याच कॉलेजात शिकली अन् इथंच सिस्टिम सांभाळायला लागली. बोलायला फटकळ, पण ज्याला हात लावील ते चालू करूनच उठायची. प्राचार्य आप्पासाहेब एक दिवस लालेलाल होऊन तिच्यापुढं उभे राहिले. "अगं, काल माझी मुलगी शेजारी बसलेली असताना मी मेल उघडली. मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाही त्यांनी!"

"थांबवते, सर," प्रज्ञा म्हणाली. थांबवेन, बघते, प्रयत्न करते, असलं काही नाही. थांबवते.

आधी तिनं शब्दांवर पहारा बसवला. पत्रात 'फुकट' दिसलं, 'लखपती' दिसलं की त्याला दारातूनच बाहेर. आठवडाभर बरं चाललं. मग कळलं की आप्पासाहेबांना दिल्लीहून आलेलं परिषदेचं आमंत्रणही बाहेर गेलंय, कारण त्या भल्या माणसांनी जेवण फुकट असल्याचं लिहिलं होतं. सुक्याबरोबर ओलंही जळलं. आप्पासाहेब दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत.

चौदा एप्रिलच्या जयंतीला ती घरी श्रीगोंद्याला गेली. दुपारी जेवायला बसली होती, तेवढ्यात दारात दोन जण आले. दागिन्यांना पॉलिश करून देतो म्हणाले. तिची आई बनाबाई उंबऱ्यातूनच म्हणाली, "आत्ता मालक घरात न्हाईत. थोड्या येळानं या." ते गेले ते गेलेच. सकाळी असाच एक अनोळखी माणूस आला होता, त्यालाही तिनं हेच सांगितलं होतं. तो बिचारा पाण्याच्या टाकीच्या सावलीला बसून राहिला अन् पुन्हा आला. तिसगावच्या राहीबाई मावशीचा निरोप घेऊन आलेला.

"आई, तू तर सगळ्यांनाच हाकलतेस गं."

"हाकलती कुठं? परत या म्हंती. ज्याचं काम हाय त्यो येतोच की."

प्रज्ञाचा घास हातातच राहिला. कचरा पाठवणारी यंत्रं एका दमात लाखो पत्रं भिरकावत सुटतात. एका दारासाठी ती कशाला थांबतील? पण खऱ्या टपालाच्या यंत्राला नियमच आहे, पलीकडून 'थोड्या वेळाने या' असं उत्तर आलं तर पत्र जपून ठेवायचं अन् पुन्हा यायचं. नगरला परतल्यावर तिनं सर्व्हरला तेवढंच शिकवलं. अनोळखी असेल त्याला पहिल्यांदा परत धाड. पुन्हा आला तर आत घे अन् ओळख लक्षात ठेव. झालं! दोन दिवसांत उकिरडा साफ. आप्पासाहेब आल्यागेल्याला 'आमची प्रज्ञा' म्हणून सांगायला लागले.

आणि मग ती दुपार आली.

प्रज्ञाचा धाकटा भाऊ पंकज त्याच कॉलेजात शेवटच्या वर्षाला होता. दोघं नगरला एकाच खोलीत राहायचे. भाकरी ती थापायची, भांडी तो घासायचा. त्याला शाळेत पहिल्यांदा बोट धरून तिनंच नेलं होतं. त्यानं जर्मनीच्या एका विद्यापीठात अर्ज केला होता. तिकडच्या बाईंनी फोनवर सांगितलं होतं, "पत्र आज पाठवतेय. त्यातला क्रमांक घालून आजच, आमचं ऑफिस बंद व्हायच्या आत होकार कळवा. नाहीतर जागा पुढच्या नावाला जाईल."

प्रज्ञानं नोंदी बघितल्या. "आलं होतं. बाराच्या सुमाराला."

"होतं म्हणजे?" जयंतीच्या मिरवणुकीत बसलेला पंकजचा आवाज अजून सुटला नव्हता.

"त्यांच्याकडून पहिल्यांदाच पत्र आलंय. सर्व्हरनं परत पाठवलं. येईल पुन्हा."

"ताई! माझंच पत्र सापडलं का गं तुला?"

बातमी ऐकून आप्पासाहेब धावत आले. "प्रज्ञा, तुझा तो पहारा आधी काढ. दार सताड उघड!"

"उघडून काय होणार, सर? पत्र त्यांच्या यंत्राकडं आहे. ते त्याच्या वेळेलाच येणार. तोवर दारातून नुसते भामटे शिरतील, लाइन तुंबेल, अन् पत्र आलं तर त्याला पाय ठेवायला जागा नसेल."

"सख्ख्या भावाचं आहे गं!"

"म्हणून तर पहारा काढत नाही."

एवढ्यात लाइट गेली. रोजचंच भारनियमन, पण आजच्या दिवशी! सर्व्हर यूपीएसच्या बॅटरीवर आला. बॅटरी किती वेळ पुरेल याचा प्रज्ञानं अंदाज घेतला अन् आप्पासाहेबांकडं वळली. "सर, तुमच्या केबिनचा कूलर बंद करावा लागेल. तो यूपीएसवर आहे."

"तुला कोण म्हणालं?"

"तार बघितलीय मी."

आप्पासाहेब खाकरले, निमूट गेले, कूलर बंद करून आले अन् खुर्ची ओढून घाम पुसत तिथंच बसले. माणूस तापट, पण मनाचा खोटा नव्हता.

तास गेला. आणखी एक गेला. पंकज नखं खात येरझाऱ्या घालत होता. "नाही आलं तर, ताई?"

"येणार."

मनातही तिच्या दुसरं काही नव्हतं. तिकडं जर्मनीत अशाच एका खोलीत तिच्यासारखंच कुणीतरी सर्व्हर सांभाळत बसलं असेल. त्या माणसाला तिनं कधी बघितलं नव्हतं, पण तो आपलं काम चोख करणारा असणार, याची तिला खात्री होती. स्वतःचं काम चोख असलं की दुसऱ्याच्या कामावर विश्वास ठेवायला जड जात नाही.

साडेतीनच्या पुढं पडद्यावर एक ओळ सरकली. तेच नाव, तेच पत्र. या वेळी सर्व्हरनं त्याला आत घेतलं.

पंकजनं पत्र उघडलं. जागा दिली होती, शिष्यवृत्तीसकट. दोन वर्षं. आप्पासाहेब खुर्चीतून उडालेच. "शाब्बास रे पठ्ठ्या!" पंकजनं उत्तर लिहिलं, क्रमांक घातला, अन् त्याचा हात थांबला.

"ताई, मी गेल्यावर घरचं कोण बघणार? तू एकटीच राहशील."

"मी आहे ना. पाठव."

"नक्की?"

"पंक्या, वेळ चाललाय. पाठव म्हणते ना!"

त्यानं कळ दाबली. उत्तर गेलं. पलीकडून पोच आली.

आणि सबंध दुपार पापणीसुद्धा न हललेली प्रज्ञा तिथंच, प्राचार्यांच्या समोर, ओढणी तोंडाला लावून हमसून हमसून रडायला लागली. पंकज गांगरला. आप्पासाहेबांना काही कळेना.

"अगं वेडे, आलं की पत्र! आता कशाला रडतेस?"

"आलं म्हणूनच रडतेय, सर."