दाराबाहेरून ऐकलेला राक्षस

मित्रांनो, चित्रपट संपल्यावर गर्दीतून बाहेर पडताना ज्या पेटीच्या तोंडात तुम्ही पॉपकॉर्नचा रिकामा कागद कोंबता आणि सटकता, ती मी. कागद टाकायला माझ्या शेजारी चांगला ऐसपैस डबा ठेवलेला आहे, पण तुम्हाला नेमकी मीच सापडते. माझ्या कपाळावरचा रंग निम्मा उडालाय, म्हणून मीच सांगते. मी या थिएटरची जुनी अभिप्रायपेटी आहे. लोकांनी आपलं मत चिठ्ठीवर लिहावं आणि माझ्या तोंडात टाकावं, एवढंच माझं काम.

माझा जन्म इथलाच. फार वर्षांपूर्वी इथे 'वेशीवरचा राक्षस' हा चित्रपट लागला होता. त्याला एवढी गर्दी लोटली, की मागच्या रांगेतली तीन बाकं मोडली. त्या बाकांच्या फळ्या रंधून सुतारानं मला बनवलं. म्हणजे माझं सगळं अंग त्या राक्षसाच्या कृपेनं झालेलं आहे, हे मी कधी विसरत नाही.

तो चित्रपट होता तरी काय? एका शहराच्या वेशीवर एक राक्षस उभा असतो. तो दार उघडतो, दार लावतो आणि अख्ख्या चित्रपटात एक अक्षर बोलत नाही. शेवटी शत्रूचं सैन्य दारात येतं. राक्षस नुसती मान हलवून 'नाही' म्हणतो आणि सैन्य मुकाट्यानं परत जातं. लोक खेळ बघून बाहेर यायचे तेही तशीच मान हलवत. माझ्या पोटात तेव्हा चिठ्ठ्यांना जागा पुरत नव्हती. मी फुगले होते, लाकडानं आणि अभिमानानंही.

एक तरुण तर रोज यायचा. मालक एकदा त्याला म्हणाले, "अरे, तू रोज येतोसच, तर दारावरच उभा राहा ना!" तो उभा राहिला, तो आजतागायत उभा आहे. तेच आमचे दारावरचे काका. तिकीट घ्यायचं, अंगठ्यानं तिरकं फाडायचं, अर्धं प्रेक्षकाच्या हातात द्यायचं, अर्धं आपल्या खिशात टाकायचं. बोलणं जवळजवळ नाहीच. फार झालं तर "हं." कोणी बिनतिकिटाचा घुसायला लागला, की काका नुसती मान हलवतात आणि तो परत जातो. ही मान कुठून आली, ते मला आणि तुम्हाला माहीत आहे.

पुढे माझे दिवस फिरले. लोक चिठ्ठ्या लिहीनासे झाले. माझ्या पोटात बसच्या तिकिटांपासून कोटाच्या बटणांपर्यंत काय वाट्टेल ते येऊ लागलं. एकदा एका मुलाचा पडलेला दातही आला. दोरीला बांधलेली माझी पेन्सिल झिजून बोटाच्या पेराएवढी राहिली. माझी बिजागरी करकरू लागली. तेल घालायचं कोणाच्या ध्यानात आलं नाही.

मात्र मॅनेजरबाईंनी एक नेम मोडला नाही. मॅनेजरबाई म्हणजे जुन्या मालकांची मुलगी. दर शुक्रवारी दुपारी त्या मला उघडतात. पॉपकॉर्नच्या काउंटरवर चिठ्ठ्यांचे दोन ढीग करतात, आवडलेल्यांचा आणि नावडलेल्यांचा. मग चिठ्ठ्या मोजत बसत नाहीत, फूटपट्टी उभी करून ढिगांची उंची मोजतात. नावडलेल्यांचा ढीग उंच निघाला, तर चित्रपट त्याच दिवशी उतरतो. वडिलांनी घालून दिलेली रीत आहे, त्यात मिलिमीटरचीही सूट नाही.

अशात एका शुक्रवारी नवा चित्रपट आला, 'राक्षस लहान होता तेव्हा'. आपल्या त्या राक्षसाची, जुन्या गोष्टीच्याही आधीची गोष्ट. काय सांगू मित्रांनो, माझं नशीबच उघडलं! लोक बाहेर यायचे ते पेन्सिलीसाठी भांडतच. एकानं लिहिलं, 'नंतर निघालेला चित्रपट आधीचा कसा? आमची शुद्ध फसवणूक झाली आहे.' एका बाईंनी विचारलं, 'मागच्या वेळेपेक्षा राक्षस तरुण दिसतो. कोणतं तेल लावतो, ते कळवावे.' एक आजी लिहून गेल्या, 'शेवटी रडले. पण चष्मा घरी विसरले होते, त्यामुळे नक्की कशाला रडले ते सांगता येत नाही.' एका नवरा-बायकोनं तर एकाच चिठ्ठीवर वरून आणि खालून उलटसुलट मतं लिहिली आणि मधोमध चिठ्ठी फाटली. मी दोन्ही तुकडे गिळले. इतक्या वर्षांनी पोट भरून जेवल्यासारखं वाटलं.

दारावरच्या काकांच्या मात्र नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. कारण सांगते. काका खेळ सुरू झाला की दार लावून बाहेर उभे राहतात. आत काय चाललंय ते त्यांना दिसत नाही, फक्त ऐकू येतं. आणि या चित्रपटात पहिल्यापासून एक आवाज जो सुरू व्हायचा, तो थांबायचं नावच घेत नसे. प्रश्न काय, हट्ट काय, गाणी काय! काकांच्या कपाळावर आठ्या चढल्या. त्यांचा राक्षस, ज्यानं जन्मात तोंड उघडलं नाही, त्याला या लोकांनी बडबड्या करून टाकलं!

आता खरी गोष्ट सुरू होते. काकांना एक नात आहे. सगळे तिला चिमणी म्हणतात, आणि ते अगदी बरोबर आहे. शाळा सुटली की ती इथे येते, माझ्याखालच्या बाकावर बसते आणि बोलत सुटते. काका "हं" म्हणतात. दोघांचं छान जमतं. तिच्या आईची दुसऱ्या गावी बदली झाली होती. रविवारी काका सोडून सगळं बिऱ्हाड जायचं होतं.

"आजोबा, शनिवारी मला सुट्टी आहे. शनिवारी आपण दोघं राक्षस बघू या ना. मी तुमच्याशिवाय बघणारच नाहीये. आईनं विचारलं होतं, तर मी नाही म्हटलं. तुम्ही मला रोज झोपताना मोठ्या राक्षसाची गोष्ट सांगता, मग लहान राक्षस तुमच्याबरोबरच बघायला हवा की नाही? आजोबा, शनिवारी?"

"मला दारावर काम असतं," काका म्हणाले. त्यांच्या मानानं ते भाषणच होतं.

ती रोज विचारायची, आणि रोज हेच उत्तर मिळायचं. पण ती गेल्यावर काका काय करायचे, ते फक्त मला माहीत होतं. इकडे तिकडे बघून ते खिशातलं अर्धं तिकीट काढायचे, माझी थोटकी पेन्सिल जिभेवर ओली करायचे आणि पाठीमागे लिहायचे. एका चिठ्ठीखाली सही होती 'एक दंतवैद्य'. मजकूर असा: 'राक्षस सारखा बोलतो. इतका वेळ तोंड उघडं ठेवणं दातांना बरं नव्हे.' दुसरीवर 'एक संतप्त गृहिणी': 'मध्यंतरानंतर दोनदा काच फुटते. ती झाडली कोणी?' तिसरी एका निवृत्त नावाड्याची होती: 'वेशीचं दार फार करकरतं. एवढा मोठा चित्रपट काढता, मग तेल नाही?' हे वाचून मला जरा राग आला. माझी बिजागरी त्यांच्या कानाशी रोज करकरत होती, तेव्हा हा नावाडी कुठे गेला होता?

आठवडाभरात अशा चाळीस चिठ्ठ्या झाल्या. चाळीस निरनिराळी माणसं, आणि त्यांतल्या एकानंही राक्षस उंच होता की बुटका, काळा होता की हिरवा, याबद्दल चकार शब्द लिहिला नव्हता. मला हसू आवरेना. पण मित्रांनो, पेटीनं पोटातलं ओठांवर आणायचं नसतं.

शुक्रवार उजाडला. दुपारी मॅनेजरबाईंनी मला उघडलं, दोन ढीग केले आणि फूटपट्टी उभी केली. आवडलेल्यांच्या चिठ्ठ्या पातळ वहीच्या कागदाच्या. काकांच्या चाळीस मात्र जाड तिकिटाच्या पुठ्ठ्याच्या. नावडलेल्यांचा ढीग दोन बोटं उंच निघाला.

"उतरला," मॅनेजरबाई म्हणाल्या. "पोस्टरवाल्याला बोलवा. उद्यापासून दुसरा चित्रपट लावू."

काकांनी समाधानानं मान हलवली. राक्षसाची अब्रू वाचली होती. पोस्टरवाला शिडी घेऊन आला आणि पोस्टर वरून गुंडाळू लागला. एवढ्यात चिमणी शाळेतून आली. पोस्टरावर राक्षसाचे फक्त पाय उरले होते. ती त्या पायांकडे बघत राहिली.

"उद्या नाहीये?" तिनं विचारलं.

"नाही गं बाळ," मॅनेजरबाई म्हणाल्या. "लोकांना आवडला नाही."

मला वाटलं, आता ही रडेल, पाय आपटेल. तिनं यातलं काहीच केलं नाही. ती बाकावर बसली आणि गप्प झाली. अगदी पूर्ण गप्प. तिला इथे येऊ लागून चार वर्षं झाली होती आणि ती इथे असताना मी पहिल्यांदाच भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकली. काकांनी ती ऐकली असावी. ते उगाच खिसा चाचपू लागले.

मग चिमणी उठली. टाचा उंचावून तिनं माझी पेन्सिल घेतली, वहीचं पान फाडलं, काहीतरी लिहिलं आणि माझ्या तोंडात टाकलं. माझं दार अजून उघडंच होतं, त्यामुळे चिठ्ठी तळाशी न थांबता सरळ खालच्या बाकावर घसरली. मॅनेजरबाईंनी ती उचलून मोठ्यानं वाचली.

"'मला हा चित्रपट आवडला की नाही ते सांगता येत नाही, कारण मी तो पाहिला नाही.'" त्यांनी फूटपट्टी हातात घेतली, मग ठेवून दिली. "ही कुठल्या ढिगात घालू?"

काकांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. ते दार सोडून आले. ड्यूटीवर असताना दार सोडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी नावडलेल्यांचा ढीग उचलला आणि पत्त्यांसारखा उलटा पसरला. चाळीस अर्धी तिकिटं, सगळी अंगठ्यानं तिरकी फाडलेली.

"हा दंतवैद्य मी आहे," ते म्हणाले. "ही गृहिणी पण मीच. नावाडीही."

मॅनेजरबाईंनी कपाळाला हात लावला. "काका! हा अर्धा तुकडा आपल्याकडे राहतो. मला उलटून बघायचं सुचलं नाही! आणि एवढी चाळीस मतं दिलीत, तर तुम्ही तरी पाहिला का हा चित्रपट?"

"नाही. ऐकला."

"कुठून?"

"दाराबाहेरून. राक्षस फार बोलतो हो त्यात. आमचा राक्षस बोलत नसे." काका म्हणाले. "मी त्याच्याकडे बघून उभं राहायला शिकलो. माझं चुकलं, पण... ती रविवारी चाललीय बाई. पोरीचा शनिवार मीच उतरवला."

शिडीवरून पोस्टरवाला ओरडला, "अहो, वर करू का खाली? एकदा काय ते ठरवा, माझे हात भरून आले!"

"वर करा!" मॅनेजरबाई म्हणाल्या. त्यांनी चाळीस तुकडे बाजूला काढून पुन्हा फूटपट्टी लावली, कारण रीत म्हणजे रीत. आवडलेल्यांचा ढीग उंच निघाला. "आणि काका, तुम्हाला शिक्षा. उद्या दुपारचा खेळ पहिल्यापासून शेवटपर्यंत आत बसून बघायचा. दारावर मी उभी राहीन."

शनिवारी मॅनेजरबाईंनी तिकिटं इतकी वेडीवाकडी फाडली, की निम्म्या लोकांना आपल्या खुर्चीचा नंबरच सापडेना. काका टोपीसकट आत गेले आणि सवयीनं दाराशीच उभे राहिले. चिमणीनं त्यांना हाताला धरून ओढत नेलं. दार लागलं. आतून तो बडबड्या आवाज सुरू झाला. मीही तो आठवडाभर राक्षसाचाच समजत होते. मीसुद्धा दाराबाहेरचीच ना!

खेळ सुटला. लोक आले आणि गेले. सगळ्यांच्या शेवटी काका आले. त्यांनी माझी पेन्सिल घेतली. या वेळी चिठ्ठीखाली ना दंतवैद्य होता ना नावाडी. लिहिलं होतं:

'बोलणारी राक्षसाची धाकटी बहीण आहे. राक्षस लहानपणीही गप्पच होता. बहीण दूरदेशी जाते, तेव्हा तो वेशीवर उभा राहतो. ती परत येताना तिची चाहूल लागावी, म्हणून तो बोलत नाही. मला हे माहीत नव्हतं. – दारावरचा.'

त्याखाली चिमणीच्या अक्षरात एक ओळ होती: 'आजोबा पूर्ण वेळ काही बोलले नाहीत. मला समजावून सांगावं लागलं. चित्रपट आवडला.'

रविवारी चिमणी गेली. काका दारावर उभे राहिले. आता ते गप्प असतात तेव्हा मला ठाऊक असतं, की ते काय ऐकताहेत.

आणि दर आठवड्याला टपालानं एक जाडजूड पाकीट येतं, त्यावर लिहिलेलं असतं 'अभिप्रायपेटी यांस'. काकांना ते लगेच फोडता येईल, पण ते फोडत नाहीत. माझ्या तोंडात टाकतात आणि शुक्रवारपर्यंत माझ्याजवळच घुटमळतात. मॅनेजरबाई मला उघडतात आणि दोन ढीग लावतात. पाकीट कुठल्याच ढिगात जात नाही. ते तिसरीकडे, एकटं ठेवलं जातं, आणि काका ते घेऊन दाराशी जाऊन वाचतात.

तेव्हा मित्रांनो, माझं एवढं ऐका. मत द्या, भरपूर द्या, मला भूक फार आहे. पण आधी आत जाऊन बघून या. पॉपकॉर्नचा कागद शेजारच्या डब्यात टाका. आणि जाता जाता कोणाला वेळ असेल, तर माझ्या बिजागरीला थोडं तेल घाला. ती करकरली, की काकांना वाटतं कोणी दार उघडलं, आणि ते लगबगीनं वळून बघतात.