शेजारचं टेबल

खाऊमेळ्याला टेबलं कोणाची कुठे लागणार, हे मेळ्याची व्यवस्था बघणाऱ्या बेकरीवाल्याने ठरवलं होतं. त्यामुळे वस्तीतल्या जुन्या हॉटेलच्या मालकाचं टेबल नेमकं त्यांच्या लेकीच्या टेबलाला लागून आलं. बेकरीवाला म्हणाला, मुद्दाम नाही केलं. पण त्याचा चेहरा जरा जास्तच साळसूद होता.

मालक आता नावालाच मालक होते. गुडघे गेल्यावर हॉटेल त्यांनी मुलाच्या हाती दिलं होतं. तरी रोज सकाळी ते गल्ल्यामागच्या खुर्चीत येऊन बसायचे आणि आत-बाहेर करणाऱ्या प्रत्येक ताटाकडे बघायचे. हॉटेल मुलाकडे जाणार, हे त्यांनी तो शाळेत असतानाच बोलून टाकलेलं. खरं तर भट्टीशी रमायची ती लेक. तिला घरात ठकी म्हणायचे. शाळेतून आली की दप्तर फेकून थेट स्वयंपाकघरात. कांदा परतताना तिला आवाजावरून कळायचं, की आता आच कमी करायला हवी. मालकांना हे दिसत नव्हतं असं नाही. पण वाटण्या करायची वेळ आली तेव्हा ते म्हणाले, "तू उद्या लग्न करून जाशील. हॉटेल कोणी बघायचं?"

ठकी लग्न करून गेली ती चार गल्ल्या सोडून. आणि तिथेच नोकरदार नवऱ्याच्या मदतीने तिने स्वतःचं हॉटेल काढलं. मालकांना वाटलं, बापाच्या छातीवर बसायला काढलं. उद्घाटनाला तिने बोलावलं, तर ते कोपऱ्यापर्यंत गेले आणि आतली गर्दी बघून परतले. नंतर राग विरला, पण तोवर इतके दिवस गेले होते की आता कुठल्या तोंडाने जायचं, हा प्रश्न उभा राहिला. दर वर्षी तो थोडा अवघड होत गेला. सणासुदीला ती घरी यायची, पाया पडायची, आईशी बोलायची. आई गेल्यावर येणं-जाणंही कमी झालं. हॉटेलचा विषय मात्र दोघांनी कधी काढला नाही.

मेळा भरला दुपारी, शाळेच्या पटांगणात. प्रत्येक हॉटेलने आपला एकच पदार्थ ठेवायचा, लोकांनी छोट्या वाटीतून चाखत पुढे जायचं. मालकांच्या टेबलावर मटण होतं, पन्नास वर्षं चालत आलेलं. ठकीच्या टेबलावर कांद्याचं सूप. लोक मटण घ्यायचे, "छान आहे हो, नेहमीसारखंच" म्हणायचे आणि शेजारी सरकायचे. शेजारी मात्र थांबायचे. वाटी चाटूनपुसून पुन्हा पुढे करायचे. शेवटी रांग वळून मालकांच्या टेबलासमोरूनच जाऊ लागली. मालक काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून बघत राहिले.

मुलगा उठला, बहिणीकडे गेला. तिने काही न विचारता त्याला वाटी भरून दिली. तो ती घेऊन आला आणि बापापुढे ठेवली.

"घ्या बाबा."

"तिने दिलं?"

"मी मागितलं. मी दर सोमवारी तिच्याकडेच जेवतो. आपलं हॉटेल बंद असतं ना."

मालकांनी चमकून वर बघितलं. "आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही कधी विचारलंत?" मुलगा कोरड्या आवाजात म्हणाला. मग जरा थांबून, दुसरीकडे बघत, "मला हॉटेल हवंय का, हेही विचारलं नव्हतंत. मला गाड्यांचं गॅरेज काढायचं होतं. तुम्ही दिलंत, मी घेतलं. आणि ती बघत राहिली."

काहीतरी करायचं म्हणून मालकांनी चमचा उचलला.

कांदा अगदी सबुरीने परतलेला. गोड, पण गुळचट नाही. मागून किंचित कडवटपणा, संत्र्याच्या सालीचा. लहानपणी तिने एकदा मटणात साल टाकली होती, तेव्हा त्यांनी सगळ्यांदेखत ते पातेलं तिला धुवायला लावलं होतं. वाटी संपली. ते काठी टेकत उठले आणि जेमतेम पाच पावलांवरच्या टेबलाशी गेले. रांगेतल्या लोकांनी वाट करून दिली.

"ठके," ते म्हणाले, "आईच्या हातची चव आहे गं."

तिने पळी खाली ठेवली. "आईची नाही बाबा. माझी आहे."

ती रागावून बोलली नव्हती. त्यामुळे त्यांना जास्तच लागलं.

"उद्या येतो," ते घाईने म्हणाले. "तुझ्याकडे जेवायला. उद्याच येतो."

ठकीने नवऱ्याकडे बघितलं. तो मान खाली घालून वाट्या पुसत होता. "बाबा, ह्यांची बदली झालीय. महिनाअखेरीला आम्ही जातोय. हॉटेल परवाच बंद केलं. मेळ्यासाठी नाव दिलं होतं, म्हणून आज तेवढं केलं."

"मला कोणी बोललं नाही."

"सांगायला आले होते एकदा. तुम्ही गल्ल्यावर झोपला होतात. उठवावंसं वाटलं नाही."

ते तरीही दुसऱ्या दिवशी गेले. मुलाने दारापर्यंत सोडलं. पाटी उतरवलेली होती, खुर्च्या एकावर एक रचलेल्या. शेगड्या कोणीतरी घेऊन गेलं होतं, भिंतीवर त्यांच्या जागी तेलकट चौकोन राहिले होते. मालक ते सगळं हिंडून बघत राहिले: ताटं द्यायची खिडकी, हाताशी येतील अशी मसाल्याची फळी, आचाऱ्याच्या पायाखाली जाड रबराची चटई, म्हणजे दिवसभर उभं राहून पाय दुखू नयेत. असा विचार त्यांनी स्वतःच्या हॉटेलात कधी केला नव्हता.

"छान लावलं होतंस," ते म्हणाले.

"हो," ती म्हणाली.

"मी चुकलो गं."

ठकी खोक्याला चिकटपट्टी लावत होती. तिने ती पूर्ण लावली, टोक दाताने तोडलं. "बसा. चहा करते," ती म्हणाली.

एका छोट्या शेगडीवर तिने चहा केला, पूर्वी त्यांना लागायचा तसा, साखर सढळ हाताने घालून. डॉक्टरांनी त्यांची साखर कधीच बंद केली होती. हे तिला माहीत असायचं काही कारण नव्हतं. मालकांनी चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.

महिनाअखेरीला ती गेली. अधूनमधून तिचा फोन येतो. मालक तब्येतीचं सांगतात, हवेचं विचारतात, आणि मग तिकडे तिने काही सुरू केलं का हे विचारायचं म्हणून श्वास घेतात. तोवर ती म्हणते, "बरं बाबा, ठेवते."