फळा कुलपात आहे

सोमवारी सकाळी कॉर्नेल बीझली आपल्या कॉलेजात पोचला, तेव्हा पोरांच्या अभ्यासाच्या खोलीच्या दाराला नवं कुलूप होतं आणि अल्स्टन सर कॉफीचं मशीन छातीशी धरून बाहेर उभे होते.

"किल्ली हरवली का, सर?"

"किल्ली आहे रे खिशात. कुलूपच बदललंय."

अमेरिकेतल्या मेपल क्रीक कॉलेजातली ती खोली अल्स्टन सरांनी भांडून मिळवली होती. काळ्या आणि लॅटिनो पोरांना एकत्र बसून अभ्यास करता यावा, एवढाच तिचा उपयोग. आत एक फळा, दोन टेबलं आणि स्प्रिंगा टोचणारा सोफा. पण ज्याच्या घरातलं कुणीच कधी कॉलेजात गेलं नव्हतं, अशा पोराला तिथे न लाजता विचारता यायचं, की हे मला कळलं नाही, पुन्हा सांगा. कॉर्नेल एकदा कॉलेज सोडून गोदामात खोकी उचलायला गेला होता. सरांनी फोन कर-करून त्याला परत आणलं. आता त्याला नर्सिंगला जायचं होतं. चुलतभाऊ चिडवायचे, "काय सिस्टर, पांढरी टोपी शिवून घेतली का?" तो म्हणायचा, "तू एकदा आजारी पड, मग सुई कुठे टोचतात ते दाखवतो."

कुलूप प्रुइट मॅडमनी लावायला सांगितलं होतं. त्या कॉलेजच्या डीन. जुनं फर्निचर ठेवायला जागा हवी, शिवाय फक्त काही मुलांसाठी वेगळी खोली ठेवणं बरं दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. सरांचे पगारी तासही त्यांनी निम्म्यावर आणले होते.

अ‍ॅनाटॉमीची परीक्षा तोंडावर आली होती. कॉर्नेलची कानशिलं तापली. मागच्या वेळी अशीच तापली होती, आणि तो दप्तर भिरकावून सरळ घरी गेला होता. जाणं त्याला चांगलं जमायचं. या वेळी त्याने दप्तर खांद्यावरच ठेवलं.

"सर, ते मशीन द्या इकडे."

"कुठे नेतोस?"

"लॉबीत. तिथे प्लग आहे."

कॉलेजच्या मुख्य इमारतीची लॉबी म्हणजे काचेची दारं, कातडी खुर्च्या आणि भिंतीवर मिशीवाल्या गोऱ्या संस्थापकांच्या तसबिरी. चार-पाच जण तिथे जाऊन बसले. फळा नव्हता, म्हणून त्यांच्यातल्या हेक्टर ओलिवारेसने बाही वर सारली आणि हात पुढे केला. कॉर्नेल मार्करने त्याच्या दंडावर, कोपरावर, मनगटावर नसा काढायला लागला.

"हळू रे, गुदगुल्या होतात!"

"नस हलवू नकोस, चुकीच्या बोटाला जाईल."

थोड्या वेळाने पहारेकरी रूफस आला. तोही काळा, कॉर्नेलच्या आईच्या चर्चमधला. "कॉर्नेल, वरून फोन आलाय. तुम्हाला उठवायला सांगितलंय."

"उठवा की काका. पण पोरं काय करताना सापडली, ते कळवा वर. अभ्यास करताना म्हणावं."

रूफसने तोंडावर हात धरला. खांदे मात्र हलत होते. "कारण लेखी द्या म्हणतो त्यांना," असं पुटपुटत तो परत गेला.

मग मॅडम स्वतःच उतरल्या. "हे काय चाललंय? आणि त्याच्या हातावर हे काय आहे?"

"नसा, मॅडम," कॉर्नेल म्हणाला. "फळा कुलपात आहे."

संध्याकाळी सगळ्यांना मॅडमचा ईमेल आला. उद्या जो लॉबीत बसेल, त्याला निलंबित केलं जाईल.

"मी नाही येऊ शकत, भावा," हेक्टर म्हणाला. "स्कॉलरशिप गेली तर माझं सगळंच संपलं."

"मग पळ!"

हेक्टर दप्तर उचलून निघून गेला. सर कॉर्नेलवर असे कधी चिडले नव्हते. "त्याच्या पाठीमागे तीन भावंडं आहेत. तुला त्यातलं काय माहितीय? शिव्या नको देऊस त्याला. नोट्स दे."

रात्री त्याने आईला सगळं सांगितलं. ती वृद्धाश्रमातली पाळी संपवून सुजलेले पाय पाण्यात घालून बसली होती. तिने पाय पुसले. मग म्हणाली, "बस तू. पण तो भोकाचा टीशर्ट घालून नाही. कुणी फोटो काढला तर मला बघावासा वाटला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, वाटेत हेक्टरच्या हातात नोट्स कोंबून तो लॉबीत गेला. दोघं-तिघं असतील अशी त्याची अपेक्षा होती. पण खोलीत कधी न फिरकलेली पोरंही फरशीवर फतकल मारून बसली होती. कारखाना बंद पडल्यावर मोठ्या वयात शिकायला आलेली मार्लीन नावाची एक गोरी बाई अपूर्णांकांचा कागद घेऊन घुटमळत होती. "इथे कुणीही बसलं तर चालतं का?"

"फक्त काही मुलांसाठी आहे म्हणतात," कॉर्नेल म्हणाला, आणि खुर्चीवरचं दप्तर उचलून त्याने तिला जागा दिली.

मॅडम आल्या आणि गर्दी बघून थबकल्या. एवढ्यांना निलंबित करायचं म्हणजे वर्गच ओस पडले असते. आवाज खाली आणून त्यांनी सरांना सांगितलं, तळघरात बॉयलरशेजारी एक खोली रिकामी आहे, ती घ्या. सर दमले होते. ते हो म्हणणार, असं कॉर्नेलला वाटलं.

"नको, मॅडम," तो मध्येच उभा राहिला. "तळघरात तुमचं फर्निचर ठेवा. त्याला अभ्यास करायचा नाहीये."

परीक्षेपर्यंत ते लॉबीतच बसले. पुढे शिस्त समितीने एकट्या कॉर्नेलला बोलावून लेखी माफी मागायला सांगितलं. त्याने मागितली नाही, आणि त्याच्या नावावर ताकीद लागली ती कायमची. अ‍ॅनाटॉमीत तो चांगला पास झाला. हेक्टर त्याच्याही पुढे गेला, आणि वर "अक्षर सुधार तुझं" असं ऐकवून गेला.

सुट्टीनंतर खोलीचं कुलूप निघालं. कुणी काही जाहीर केलं नाही. सरांचे तास निम्मेच राहिले होते. त्यासाठी पोरांनी सह्या गोळा करायला घेतल्या. आणि दर बुधवारी, खोली उघडी असूनही, ते कॉफीचं मशीन उचलून मुद्दाम लॉबीत जाऊन बसायचे.